गाडीची फाईल आणि ताईचा गाऊन

हेडक्लार्क निवृत्त झाले, पण त्यांच्यातली कचेरी काही निवृत्त झाली नाही. गाडी घ्यायचं ठरलं त्याच संध्याकाळी त्यांनी जेवणाच्या टेबलावर एक हिरवी फाईल ठेवली. वर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘विषय : कुटुंबासाठी मोटारगाडी.’ प्रत्येकाने मत लिहायचं, खाली सही करायची. एकमत झालं की खरेदी, नाही झालं तर फाईल पुन्हा पहिल्यापासून फिरणार. पस्तीस वर्षं त्यांनी ह्याच पद्धतीने लोकांची कामं अडवली होती, त्यामुळे हात चांगला बसलेला होता.

गाडी खरं तर हवी होती त्यांच्या बायकोला. तिची थोरली बहीण दोनशे किलोमीटरवर अंथरुणाला खिळून होती आणि हिच्या गुडघ्यांना बसची पायरी चढवत नव्हती. ताईला एकदा डोळे भरून बघायचं, एवढंच तिचं मागणं. ताईचा उजवा हात वर जात नाही, म्हणून तिने पुढून उघडणारा मऊ सुती गाऊन शिवला, पिशवीत भरला आणि पिशवी दाराशी ठेवली. फाईलवर तिचं मत कोणी मागितलं नाही. तिला गाडीतलं काय कळतं!

ज्यांना कळत होतं त्यांनी काथ्याकूट सुरू केला.

“डिझेल,” थोरला मुलगा म्हणाला. तो ट्रकच्या कंपनीत हिशेब लिहायचा, म्हणजे इंजिनांतला तज्ज्ञच. “लांबच्या रस्त्याला दुसरं काही घेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.”

“दादा, तू बस धूर खात,” धाकटा म्हणाला. “इलेक्ट्रिकच घ्यायची.”

“आणि वाटेत बंद पडली की ढकलायला कोण, तू उतरणार?”

“हायब्रीड घ्या ना, म्हणजे दोघांचंही मन राहील,” जावई म्हणाला. त्याला जन्मात कोणाशी वाईटपणा घ्यायचा नव्हता.

हेडक्लार्कनी शेरा मारला, ‘पेट्रोल. तथापि चर्चा करावी.’

चर्चा झाली. घर तिसऱ्या मजल्यावर, मग गाडी चार्ज कुठे करणार? धाकट्याने खिडकीतून वायर खाली सोडून दाखवली. ती तळमजल्यावरच्या बाईंच्या कपड्यांच्या दोरीत अडकली, दोरी तुटली, चादरी चिखलात गेल्या, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीने लेखी समज दिली. हेडक्लार्कनी ती फाईलला जोडली. पुढे डिझेल महागलं तसा थोरला डळमळला, पण धाकट्यासमोर हार कशी मानणार? त्याने नव्याने चार पानं लिहिली. भिजत घोंगडं पडलं ते पडलंच.

“अहो, टॅक्सी करून जाऊन येऊ या का?” बायकोने एकदा विचारलं. “काल फोनवर ताईचा आवाजसुद्धा फुटत नव्हता.”

“महिन्याभरात दारात स्वतःची गाडी उभी राहतेय, आणि भाड्याचे पैसे कशाला उधळायचे? तुला दम म्हणून नाही.”

दम तिला होता. दर रविवारी ती गाऊन काढून झटकायची आणि पुन्हा घडी घालून ठेवायची.

अकराव्या महिन्यात सगळेच कंटाळले. थोरल्याने ‘हायब्रीड चालेल’ असं लिहिलं, धाकट्याने नाक मुरडत लिहिलं, हेडक्लार्कनीही लिहिलं. राहिला जावई. त्याने विचार केला, हायब्रीडपायी सासऱ्यांचं मन मोडलं आपण, बरं दिसत नाही. आणि लिहिलं, ‘वडीलधाऱ्यांचा मान राखून : पेट्रोल.’

“मतभेद,” हेडक्लार्क म्हणाले. “फाईल पुन्हा फिरेल.”

तेवढ्यात फोन वाजला. बायकोने घेतला, ऐकला, खाली ठेवला.

“ताई गेली,” ती म्हणाली.

धाकट्याने मोबाइलवर बोट दाबलं आणि आठ मिनिटांत एक मोठी टॅक्सी दारात आली. आठ मिनिटांत! डिझेल की पेट्रोल, कोणी विचारलं नाही. सगळे बसले. बायकोने दाराशी ठेवलेली पिशवी उचलली, आणि सवयीचा गुलाम असलेल्या नवऱ्याने फाईल.

अर्ध्या वाटेवर ड्रायव्हरने गाडी एका रांगेत लावली.

“उतरा सगळे.”

“का हो?” हेडक्लार्कनी विचारलं.

“गॅस भरायचाय. गॅसवर चालते ना ही.”

चौघे पुरुष रस्त्याच्या कडेला उभे राहिले. हेडक्लार्क हळूच म्हणाले, “गॅसचं आपल्या कोणाच्या लक्षातच आलं नाही.” आणि त्यांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला.

“द्या इकडे,” बायको म्हणाली.

तिने पेन घेतलं, फाईल घेतली, गाऊनच्या पिशवीवर टेकवली. शेवटच्या पानावर लिहिलं, ‘गाडीची आता गरज नाही.’ खाली सही केली आणि फाईल नवऱ्यापुढे धरली.

त्यांनी वर बघितलं नाही. सही केली. मग थोरल्याने केली, धाकट्याने केली, जावयानेही केली.

“बसा, झाला भरून,” ड्रायव्हर म्हणाला.