बिनहाताच्या चार खुर्च्या

शेजारच्या माणसाने वाद्य वाजवलं की त्रास होतो, हे कोणालाही समजेल. पण शेजारच्याने वाद्य न वाजवल्याचा त्रास मी बारा वर्षं सोसला, आणि त्याचा राग आजही माझ्या मनातून पुरता गेलेला नाही.

अकोल्यात जठारपेठेत आमच्या आणि तायडेबाबूंच्या बिऱ्हाडांत एकच भिंत होती, तीही नावापुरती. मी हायस्कुलात भूगोल शिकवायचो, ते बांधकाम खात्यात हेडक्लार्क. एकटेच राहायचे. संध्याकाळी सहाला ऑफिसातून यायचं, हातपाय धुवायचे, बुद्धाच्या तसबिरीसमोर उदबत्ती लावायची आणि वाजवायला बसायचं. वाजवायला म्हणजे काय? घूं घूं घूं. मग शांतता. आपण म्हणावं, संपलं एकदाचं, आणि पेपर उघडावा, तर घूं! पुन्हा गप्प. ना मुखडा, ना अंतरा, ना ओळखीची एखादी चाल.

एकदा संतापून मी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. तायडेबाबू वाद्य हनुवटीखाली धरून, गज हवेत ठेवून, डोळे मिटून बसले होते. ओठ तेवढे हलत होते.

"तायडेबाबू, एकतर हे फिडल वाजवा, नाहीतर..."

"मोजून राहिलो ना! चूप!"

मी चूप झालो. पण त्यांचं बिनसलं ते बिनसलंच. गज खाली ठेवून ते म्हणाले, "बत्तीस बार, म्हंजे बत्तीस आवर्तनं, चूप राहाचं होतं मले. तेविसाव्याले तुमी आले. आता पयल्यापासून मोजा लागते. आन् हे फिडल नाई, व्हायोला हाये. व्हायोलिनचा मोठा भाऊ!"

चूप राहायला वाद्य कशाला लागतं, हे मी विचारणार होतो. पण त्यांनी पुन्हा मोजायला सुरुवात केली होती.

हा माणूस सदा संतापलेला. भजनातली पेटी ऐकून संतापायचा, रेडिओ ऐकून संतापायचा. दर्यापूरला त्यांच्या भाच्याच्या लग्नात मी स्वतः पाहिलंय, त्यांनी भर रस्त्यात वरात अडवली. घोड्यावर नवरदेव, मागे शंभर माणसं, आणि हे बँडवाल्यांसमोर हात पसरून उभे. "तुमी चौघं चार गावाले चालले राजेहो! एकमेकाचं आयका ना!" शेवटी स्वतःच बोटाने ठेका देत, उलटे चालत, त्यांनी बँड मांडवापर्यंत नेला. नवरदेवाकडे कोणी पाहिलंच नाही.

माणूसघाणाही वाटायचा. आमच्याकडे चहाला बोलावलं तर उंबऱ्याशी उभ्या-उभ्या पिऊन जायचा. बसा म्हटलं तरी बसायचा नाही. आणि त्यांच्या घरी गेलं तर आपल्याला बसू द्यायचा नाही. पुढच्या खोलीत सागाच्या, वेताने विणलेल्या, बिनहाताच्या चार खुर्च्या अर्धगोलात मांडलेल्या असायच्या. एकीवर ते स्वतः बसायचे. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी शेजारच्या खुर्चीवर टेकलो, तर केवढ्याने ओरडले, "उठा! भरेल हाये ते!"

भरलेली? मी मागे वळून पाहिलं. कोणीही नव्हतं. आल्या-गेल्याने चटईवर बसायचं आणि तीन खुर्च्यांनी रिकामं राहायचं, असा त्या घरचा कायदा. मी पुन्हा कधी विचारलं नाही. अपमान एकदाच पुरतो.

अशात आमच्या कलामंडळाला नागपूरहून पत्र आलं. युरोपातले चार वादक नागपूरचा कार्यक्रम आटोपून मुंबईकडे निघालेत, वाटेत एक संध्याकाळ अकोल्याला द्यायला तयार आहेत. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो, म्हणजे जमिनीवर टेकवून, गुडघ्यांत धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन. मी मंडळाचा चिटणीस. आमचे अध्यक्ष भाऊसाहेब कापसाच्या जिनिंगचे मालक. गाण्यातलं त्यांना जेवढं कळे तेवढंच मला. आम्ही शाळेच्या हॉलमध्ये रीतसर गादी, पांढरीशुभ्र चादर आणि आठ तक्के टाकायचं ठरवलं.

तायडेबाबू सभेत घुसले. "चेलो काय मांडी घालून वाजवते कोनी? खुर्च्या पायजेत!"

भाऊसाहेब दिलदार. म्हणाले, मुख्य वादकाला माझ्या घरची सिंहासनासारखी खुर्ची, दोघांना कोर्टातल्या, चौथ्याला स्टूल. आपल्याकडची रीतच तशी. मोठ्याला मोठी बैठक, साथीदारांना जमेल ती.

"काहून?" तायडेबाबूंचा आवाज चिरकला. "साथीदार नाईत ते! चौघं सारखे! चार खुर्च्या, एका उंचीच्या, आन् हात नसलेल्या. हात असले तं कोपर अडकते."

झालं. मी गाव पालथं घातलं. शाळेत बाकं. थिएटरातल्या खुर्च्या एकमेकींना जखडलेल्या. न्हाव्याची खुर्ची एकच, आणि तीही फिरती. ज्या कोणाकडे खुर्ची होती तिला हात होतेच, कारण हात टेकून बसण्यासाठीच तर माणूस खुर्ची घेतो. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी घामाघूम होऊन मी तायडेबाबूंच्या दारात उभा राहिलो आणि समोर पाहिलं. चार खुर्च्या. एका उंचीच्या. बिनहाताच्या.

माझं डोकंच फिरलं. "तायडेबाबू, गावाला अडाणी म्हणता आणि स्वतः चार खुर्च्या दडवून बसता? द्या त्या उद्यासाठी!"

"त्या भरेल हायेत," ते हळूच म्हणाले.

"कोणी भरल्यात? भुतांनी? गावाची शोभा झाली तर तुमच्यामुळे होईल!" मी तोंडाला येईल ते बोललो. त्यांनी दार लावून घेतलं. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून एकही घूं आलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला पाहुणे आले. स्टेजवर सिंहासन, कोर्ट, स्टूल. चेलोवाला सहा फुटांचा माणूस स्टुलावर बसला तर त्याचे गुडघे पार वर आले. त्याने हसून गादीवर बसून पाहिलं, तेव्हा वाद्य कुठे ठेवायचं हे त्याला कळेना. प्रेक्षकांत खसखस पिकली. धरणी दुभंगेल तर बरं, असं मला झालं होतं.

तेवढ्यात मागच्या दाराशी हातगाडी थांबली. चार खुर्च्या धोतराने बांधलेल्या, आणि गाडी ओढत स्वतः तायडेबाबू. त्यांनी स्टेजवर चढून, पावलं मोजून एकेक खुर्ची मांडली. एकीचा वेत बसून-बसून खाली झोळ आलेला. ती व्हायोलावाल्याला दिली. उरलेल्या तिन्हींचा वेत मात्र अजून ताठ. मग खाली येऊन माझ्या शेजारी बसले.

आधी अलीकडच्या काळातलं काहीतरी वाजलं. वादक अजून वाद्यंच जुळवताहेत असं समजून भाऊसाहेबांनी मागे वाकून विचारलं, "मास्तर, सुरू कधी होते?" तायडेबाबू कडाडले, "मोजून राहिलो ना! चूप!" भाऊसाहेबांना असं बोललेलं अकोल्याने पहिल्यांदाच ऐकलं.

मग जुनं सुरू झालं, दीड-दोनशे वर्षांपूर्वीचं. आणि थोड्या वेळाने मी ताडकन सरळ बसलो. घूं घूं घूं. माझं घूं! बारा वर्षं भिंतीतून आलेलं! व्हायोलावाला ते वाजवून थांबला, अगदी तिथेच, जिथे रोज आमच्या भिंतीपलीकडे सगळं गप्प होई. पण इथे गप्प काहीच झालं नाही. उरलेल्या तिघांनी ते घूं उचलून इतकं सुंदर काहीतरी केलं की मला रडू आलं. शेजारी तायडेबाबू गज नसलेला हात हवेत धरून मोजत होते.

मला स्वतःचाच संताप आला. मी बारा वर्षं चौथा हिस्सा ऐकत होतो आणि म्हणत होतो, या माणसाला चाल येत नाही.

दुसऱ्या संध्याकाळी खुर्च्या घरी लावायला मी त्यांच्याबरोबर गेलो. त्यांनी एकेका खुर्चीच्या वेतावरून हात फिरवला.

"दुसऱ्या महायुद्धाच्या वक्ताले कामठीच्या छावणीत आमी चौघं बसत जावो," ते म्हणाले. "पाद्री, डॉक्टर, मले हे शिकवनारा गोव्याचा बँडमास्टर आन् कारकून मी. मेसमधी माझं ताट व्हरांड्यात राहे, पानी वरून वाढत. पण वाजवाले बसलं की चार खुर्च्या सारख्या. मी चुकलो तं तिघं थांबत. माह्यासाठी कोनी थांबलं, मास्तर, ते तिथंच. लढाई संपली, पाद्री विलायतेले, डॉक्टर कराचीले, बँडमास्टर गोव्याले. खुर्च्या मले देऊन गेले. त्यांचं वाजवनं मले पाठ हाये. मी चूप राहतो ना, तवा ते वाजवतात."

मला आमचा उंबरा आठवला. तायडेबाबू उभ्याने का चहा पीत, तेही कळलं. त्यांच्यासाठी आमच्या फडताळात वेगळा कप होता, कान तुटलेला. बारा वर्षं मला तो दिसत होता. मी घरी गेलो, तो कप घेतला, मागच्या उकिरड्यावर फेकला आणि परत आलो.

तायडेबाबूंनी व्हायोला हनुवटीखाली धरला होता. शेजारच्या खुर्चीकडे त्यांनी मान हलवली. "बसा. मोजता येते ना?"

मी बसलो. घूं घूं घूं. मग ते थांबले, आणि आम्ही दोघं डोळे मिटून मोजू लागलो. सव्विसाव्याला दारातून बायकोचा आवाज आला, "अहो, तो कप कुठे टाकलात?"

"मोजून राहिलो ना!" मी ओरडलो. "चूप!"