माझ्या व्हॉल्व्हचा भूकंप

व्हॉल्व्ह निवडावा तर मीच! तलासरीकडच्या पाणी योजनेवर मी इंजिनिअर. पंपापुढचा एनआरव्ही, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, माझ्याच पसंतीचा. पंप थांबला की टेकडीवरच्या टाकीकडे निघालेलं पाणी उलटं फिरतं. त्याला अडवायला ही झडप. दोघांनी मिळून उचलावी इतकी दणकट! पण स्वभाव पेंगणाऱ्या वॉचमनचा. पाणी धावत परत आलं की मग दचकून आपटायची. धाड! तो दणका पाइपातून थेट पाड्याखाली पोचायचा.

२०१९चा जानेवारी. भूकंपाच्या धक्क्यांमुळे पाडा आधीच अंगणात, ताडपत्रीखाली झोपत होता. त्यात वीज गेली की जमिनीखालून कुणीतरी दार ठोठावायचं.

"भूकंप नाही हो, माझा व्हॉल्व्ह आहे!" मी समजावलं.

"मंग तो खाली कोणाला हाका मारतो, सायेब?" पाड्यातल्या नारूकाकांनी विचारलं.

त्यांच्या सुनेचं, पुष्पाचं तान्हं बाळ गारठ्यानं खोकत होतं. मी शब्द दिला: आवाज बंद करतो, मग घरात निजा. स्प्रिंगची झडप आणली. पाणी मागे वळायच्या आतच ही मिटते. पंप बंद करून दाखवला. चिडीचूप! देवाकडे बघावं तसा पाडा माझ्याकडे बघू लागला. मीही कुणाला अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुष्पा बाळाला घेऊन उंबऱ्यावर थबकली.

"आधी तुमी आत बसा, सायेब."

बसलो. कोरा चहा आला. बाहेर कोंबड्या एकाएकी गप्प झाल्या. चुलीशेजारच्या हंड्यातलं पाणी, कुणी हात न लावता, थरथरलं. मग खालून, अगदी माझ्या बुडाखालून... धाड!

मी हसलो. ऑपरेटर लाहूला फोन लावला.

"काय रे, पंप का बंद केलास?"

"नाय सायेब, चालू हाय. ऐका ना!"

फोनमध्ये पंप शांतपणे गुरगुरत होता.

फळीवरची भांडी आपोआप वाजू लागली.

मधलं मला आठवत नाही. भानावर आलो तेव्हा ताडपत्रीखाली, सर्वात आतल्या कोपऱ्यात होतो. मागून काका आले, बाळाला छातीशी धरून पुष्पा आली. सगळे धडधाकट. मी डोक्यावरून घट्ट लपेटून घेतलेल्या पांघरुणाकडे पुष्पानं बोट दाखवलं.

"सायेब," ती हळूच म्हणाली, "ती गोधडी बाळाची हाय."