पूनम मोटर्स बंद होण्यास हरकत

यवतमाळच्या आर्णी रोडवरचं 'पूनम मोटर्स' हे जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीचं दुकान बंद करण्याचा निर्णय मालक पूनमसिंग राठोड यांनी एका सोमवारी सकाळी घेतला. निर्णयाला एक कप चहा पुरला. अंमलबजावणीला सात महिने लागले, आणि शासनाच्या मते ती अजून झालेली नाही.

पूनमसिंग या धंद्यात बावीस वर्षं होते. त्यांनी विकलेली प्रत्येक गाडी आधी एखाद्या डॉक्टरांची होती, आणि ते डॉक्टर ती फक्त रविवारी, फक्त देवदर्शनाला काढत. हे खरं धरलं तर यवतमाळात पेशंटपेक्षा डॉक्टर जास्त निघाले असते आणि तेही सगळे भाविक. पण कुणी तसं धरून पाहिलं नाही. गिऱ्हाइकाला ऐकायचं असे, पूनमसिंग ऐकवत. माणूस मनाने वाईट नव्हता. विकलेली गाडी बंद पडल्याचं कळलं तर स्वतः जाऊन धक्का मारत.

भानगड झाली ती घरातच. त्यांच्या पत्नी बसंतीबाई यांचे सख्खे भाऊ बाबूसिंग चव्हाण घाटंजीकडच्या तांड्यावर राहतात, कापूस आणि तूर करतात. मुलगी शीला हिच्या लग्नासाठी त्यांनी मेहुण्यांकडून एक पांढरी गाडी घेतली. ती गाडी त्याआधी दोन दिवस पुराच्या पाण्यात उभी होती. आत चिखलाचा वास येत होता. तो नव्या सीटकव्हरचा आहे, असं पूनमसिंगांनी सांगितलं. डिकीत वाळलेला खेकडा निघाला. ते आधीच्या मालकाच्या पोरांचं खेळणं आहे, असं सांगितलं. बाबूसिंगांनी दोन्ही खुलासे मान्य केले. खेकडा तर त्यांनी शोभेला डॅशबोर्डवर ठेवला.

शीलाची पाठवणी झाली आणि तांड्यापासून अर्ध्या किलोमीटरवर, नाल्याच्या चढावर गाडी थांबली. नवरदेवाला स्टिअरिंग धरणं भाग होतं. वऱ्हाडाची गाडी पुढे निघून गेली होती. तेव्हा नवरीने पदर खोचला आणि सासरी जायची गाडी स्वतःच ढकलत चढावर नेली. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढून त्याला सनई जोडली. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ आर्णीपासून यवतमाळपर्यंत प्रत्येक फोनवर पोचला होता. काही लोकांनी तो बसंतीबाईंना, त्यांचीच भाची आहे हे माहीत नसल्यामुळे, पुन्हा पाठवला.

बसंतीबाईंनी नवऱ्याशी बोलणं सोडलं. दुकान बंद होईपर्यंत तोंडातून शब्द निघणार नाही, एवढं सांगून त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच. जेवण वेळेवर मिळे, कपडे धुतलेले मिळत, पण घरात टीव्ही सोडून पूनमसिंगांशी बोलायला कुणी उरलं नाही. दिवसभर जिभेवर जगणाऱ्या माणसाला हे फार लागलं. सकाळी निघताना ते उंबऱ्यावर उगाच चप्पल दोनदा घालत. आतून काही ऐकू येत नसे. अकराव्या दिवशी, त्या सोमवारी, त्यांनी शटर ओढलं, घरी आले आणि दुकान बंद केल्याचं जाहीर केलं.

बसंतीबाईंनी कॅलेंडरचं एक मागचं पान फाडलं आणि त्यावर लिहिलं: "तुमच्या सांगन्यावर नाही. सरकारी शिक्का पायजे."

बावीस वर्षांत पहिल्यांदाच कुणी पूनमसिंगांकडे कागद मागितला होता.

दुकान बंद असल्याचा दाखला देणारं एक कार्यालय यवतमाळात आहे, हे त्यांना शोधाअंती कळलं. व्यवसाय समापन कक्ष, तिसरा मजला. तिथे सदाशिवराव नावाचे सज्जन लिपिक बसत. त्यांनी पूनमसिंगांना पाणी दिलं, खुर्ची दिली आणि नमुना 'ब' दिला. बंद करण्याचं कारण या रकान्यात मृत्यू, आग आणि पूर एवढेच पर्याय होते. बायको बोलत नाही, हे कारण बसत नव्हतं. सदाशिवरावांनी थोडा विचार करून 'इतर नैसर्गिक आपत्ती' असं लिहायला सांगितलं.

महिन्याभराने स्थळपाहणी झाली. पाहणी अधिकारी संघर्ष साहेब हे तरुण, प्रामाणिक आणि नियमाला धरून चालणारे गृहस्थ होते. ते आले, बंद शटरसमोर दहा मिनिटं उभे राहिले आणि त्यांनी अहवाल दिला: 'दुकान बंद आढळल्यामुळे पाहणी होऊ शकली नाही.'

पूनमसिंगांनी चूक लक्षात घेतली. पुढच्या पाहणीला त्यांनी शटर उघडलं, झाडलोट केली, पंखा लावला आणि स्वतः टेबलाशी बसून राहिले. अहवाल आला: 'दुकान सुरू आढळले. सबब, अर्जदाराने शासनाची दिशाभूल केल्याचे सकृद्दर्शनी दिसते.'

ते हताश होऊन तिसऱ्या मजल्यावर गेले. सदाशिवरावांनी इकडेतिकडे पाहून त्यांना जवळ बोलावलं आणि मधला मार्ग सुचवला. शटर अर्धं ठेवायचं. त्याप्रमाणे तिसऱ्या पाहणीत संघर्ष साहेब वाकून आत गेले, वाकून बाहेर आले, दोन्ही वेळा त्यांचं डोकं आपटलं, पण अहवालावर त्याचा परिणाम त्यांनी होऊ दिला नाही. त्यांनी लिहिलं: 'दुकान निम्मे बंद आढळले. निम्म्यापुरता दाखला देण्यास हरकत नाही. उर्वरित निम्म्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा.'

दाखला आला. निम्म्या दुकानाचा होता, पण शिक्का पूर्ण होता. पूनमसिंगांनी तो बसंतीबाईंसमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, घडी केली आणि म्हणाल्या, "हं."

अर्ध्या दाखल्यावर अर्धा शब्द मिळाला, याचा पूनमसिंगांना इतका आनंद झाला की ते दोन दिवस स्वतःशीच हसत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी उरलेल्या निम्म्यासाठी अर्ज टाकला.

आता मात्र अडचण वाढली. निम्मं दुकान बंद करणं हा किरकोळ बदल होता. उरलेलं निम्मं बंद केल्यास दुकान पूर्ण बंद होत होतं, आणि पूर्ण बंद करायचं तर जनतेला विचारावं लागतं. पेपरात आतल्या पानावर, हरवलेल्या बैलजोडीच्या खाली, जाहीर सूचना छापून आली: 'पूनम मोटर्स हे दुकान बंद होण्यास कोणाची हरकत असल्यास त्यांनी ती पंधरा दिवसांच्या आत लेखी कळवावी. मुदतीनंतर आलेल्या हरकतींचा विचार केला जाणार नाही.'

एकशे त्रेचाळीस हरकती आल्या.

कक्षाच्या स्थापनेपासून तिथे एकही हरकत आली नव्हती. सदाशिवरावांना त्या ठेवायला शेजारच्या कार्यालयाचं कपाट मागून आणावं लागलं. पूनमसिंगांनी यादी पाहिली. सगळी नावं ओळखीची होती. प्रत्येकाला त्यांनी गाडी विकली होती. बावीस वर्षांचे फसलेले लोक एकाच वेळी जाब विचारायला आले, असं त्यांना वाटलं. पहिलं नाव मेहुण्यांचं, बाबूसिंगांचं होतं. दुसरं नाव वाचून त्यांनी मान वर केली.

"तुमीही?" त्यांनी विचारलं.

"कर्मचारी म्हनून मी तुमच्या बाजूनं आहो, भाऊ," सदाशिवराव म्हणाले. "नागरिक म्हनून विरोधात."

सुनावणीचे अधिकारी रजेवर असल्यामुळे त्यांचा कार्यभार संघर्ष साहेबांकडे होता. म्हणजे त्यांनीच पाहिलेल्या दुकानावर त्यांनीच दिलेल्या अहवालाची सुनावणी तेच घेणार होते. कक्षात एवढी माणसं मावेनात, म्हणून सुनावणी जिन्याखालच्या मोकळ्या जागेत झाली. पूनमसिंग आदल्या दिवसापासून जेवले नव्हते. बसंतीबाई कुणी न बोलावता आल्या आणि मागच्या बाकावर बसल्या. पूनमसिंगांनी ठरवलं होतं, सगळ्यांची माफी मागायची, मार बसला तर खायचा, पण शिक्का घेऊनच घरी जायचं.

पहिला पुकारा बाबूसिंगांचा झाला. ते धुतलेलं धोतर नेसून आले होते. ते खाकरले.

"साहेब, मले गाडी विकाची हाय," ते म्हणाले. "पन माह्या तोंडून खोटं निघत नाही. माह्या बापानं ते शिकवलंच नाही. गिऱ्हाइकानं इचारलं, ही पान्यात होती काय, तं मी हो म्हनून टाकन. मंग घेईन कोन? म्हनून भाऊजीचं दुकान चालू पायजे."

संघर्ष साहेबांनी कागद उलटून पाहिला. "म्हणजे तुमची यांच्याविरुद्ध तक्रार नाही?"

"होती ना. मंग विकाची वेळ आली."

मागे बसलेल्या लोकांनी माना डोलावल्या. पुढच्या एकशे बेचाळीस हरकती थोड्याफार फरकाने हेच सांगत होत्या. कुणाच्या गाडीला ब्रेक उशिरा लागत, कुणाच्या गाडीचं दार फक्त बाहेरून उघडे, एकाची गाडी उजवीकडे वळायला राजी नसल्यामुळे तो सगळीकडे डावीकडून जाई. सगळ्यांना गाड्या विकायच्या होत्या, आणि सगळे सरळमार्गी होते. सदाशिवरावांनी नागरिकाच्या नात्याने दोन मिनिटं भाषण केलं आणि कर्मचाऱ्याच्या नात्याने ते टिपून घेतलं.

मग संघर्ष साहेबांनी पूनमसिंगांना उभं केलं आणि बाबूसिंगांची गाडी विकताना त्यांनी नेमकं काय सांगितलं होतं, ते विचारलं.

पूनमसिंगांच्या जिभेवर नेहमीची वाक्यं आपोआप आली. त्यांनी मागच्या बाकाकडे पाहिलं. बसंतीबाई त्यांच्याकडे पाहत नव्हत्या, हातातल्या पिशवीकडे पाहत होत्या. पूनमसिंगांनी ती वाक्यं गिळली. बावीस वर्षांत प्रथमच त्यांनी एखाद्या गाडीचं वर्णन केलं.

"गाडी पुरातली होती. मले मालूम होतं. वास चिखलाचा होता. आन तो खेकडा खेकडाच होता, साहेब. खेळनं नोयतं."

पूनमसिंगांनी मान खाली घातली आणि पहिल्या चपलेची वाट पाहिली. मागून कुणीतरी हळूच, भारावल्या आवाजात म्हणालं, "खेकड्याले खेळनं म्हनाचं दुसऱ्या कोनाले सुचलं असतं काय?" मग एकाने टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. बाबूसिंगांनी शेजाऱ्याला अभिमानाने सांगितलं की तो खेकडा अजून त्यांच्या घरी आहे.

संघर्ष साहेबांनी टाळ्या थांबण्याची वाट पाहिली आणि तिथल्या तिथे आदेश दिला. व्यापक जनहित पाहता अर्ज नामंजूर करण्यात येत होता. अर्जदाराने आपला व्यवसाय 'पूर्वीच्याच पद्धतीने' सुरू ठेवावा, असंही त्यात म्हटलं होतं. आधी दिलेला निम्मा दाखला परत मागवण्यात आला.

तेव्हा बसंतीबाई उठल्या. भावासमोर जाऊन त्या गोरमाटीत, म्हणजे आपल्या बंजारा बोलीत बोलल्या, बराच वेळ बोलल्या. ते सगळं इथे देता येणार नाही. एवढंच सांगतो, की शीलाला गाडी ढकलावी लागली तेव्हा जे पाप होतं ते आता दुसऱ्याच्या पोरीला ढकलावी लागेल तेव्हा पुण्य कसं होणार, असा त्यांचा मुद्दा होता. बाबूसिंगांनी धोतराची निरी सारखी केली. मग बसंतीबाईंनी पिशवीतून निम्मा दाखला काढून टेबलावर ठेवला आणि नवऱ्याकडे वळल्या.

"चला," त्या म्हणाल्या.

पूनमसिंग ऑटोत बसेपर्यंत गोंधळलेलेच होते. शिक्का तर मिळाला नव्हता. ऑटो बसस्टँडजवळ आल्यावर त्यांनी भीतभीत तसं म्हणून पाहिलं.

"शिक्का कायले मांगला होता मी?" बसंतीबाई म्हणाल्या. "तुमच्या शब्दावर भरवसा नोयता म्हनून. आज तुमी शंभर लोकाइसमोर खेकड्याले खेकडा म्हनलं. आता कायले पायजे शिक्का?"

पूनमसिंगांनी तोंड बाहेर फिरवून डोळे पुसले आणि डोळ्यात धूळ गेली असं सांगितलं. बसंतीबाईंनी ते चालवून घेतलं. घरी जाईपर्यंत त्या सात महिन्यांचं साठलेलं बोलल्या. ऑटोवाल्याने दोन वेळा रस्ता चुकवला, तरी कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुकान तेव्हापासून बंद आहे. शासनदरबारी ते सुरू आहे.

एकशे त्रेचाळीस सरळमार्गी नागरिक पुढचे आठ दिवस आपापल्या गाड्या घेऊन बंद शटरसमोर उभे राहिले. नवव्या दिवशी कुणीतरी शेजारच्याला सहज म्हणून सांगितलं की आपली गाडी फारच कमी फिरलेली आहे. शेजारच्याने त्याला आपलीही तशीच असल्याचं सांगितलं. दुपारपर्यंत निम्म्या गाड्यांची अदलाबदल झाली होती. ज्यांना खोटं बोलता येत नव्हतं त्यांना ते कुणी शिकवलं, हे आजतागायत कळलेलं नाही. संघर्ष साहेब चौथ्यांदा पाहणीला आले आणि त्यांनी नोंदवलं: 'मालक गैरहजर असताना व्यवसाय पूर्वीपेक्षा चांगला सुरू आढळला.' बाबूसिंगांची गाडी कुणी घेतली, ते मात्र त्यांनी बहिणीला सांगितलेलं नाही.

हरकतदारांची यादी तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला लावलेली आहे. आपलं नाव त्यात बरोबर लिहिलं आहे ना, हे आपण एकदा जाऊन पाहावं. नाव नसेल तर नाराज होऊ नये, पुरवणी यादीचं काम सुरू आहे. अर्ज छापील आहे. 'मी स्वतः कधीही खोटे बोलत नाही' हे वाक्य आधीच छापलेलं आहे, खाली फक्त आपली सही हवी. पेन सदाशिवराव देतात.