तळवडेकरांची पाचशे माकडं

"रोजची सत्तर. सत्तर गुणिले सात, चारशे नव्वद. म्हणजे पाचशेच धरा," सोसायटीचे चेअरमन जयवंत तळवडेकर म्हणाले आणि गच्चीवरच्या सभेने हाय खाल्ली.

मुलुंडला डोंगराला पाठ लावून उभी असलेली ही सोळा बिऱ्हाडांची बिल्डिंग. डोंगरातली माकडं पाण्याच्या पाइपावरून चढायची, स्वयंपाकघरात हात घालायची, डबे पळवायची. तळवडेकरांनी घरोघरी फिरून कोणाला दिवसाला किती माकडं दिसतात ते विचारलं होतं, त्यांची बेरीज केली होती आणि आठवडा सात दिवसांचा म्हणून सातने गुणलं होतं.

"तळवडेकर," मृणालिनी नाबर उठून उभी राहिली. ती घाटकोपरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. "काल आलेलं माकड आज परत आलं, तर ते नवीन माकड होतं का?"

"म्हणजे?"

"म्हणजे एकच टोळी तळमजल्यापासून गच्चीपर्यंत चढते. तुम्ही तिला प्रत्येक मजल्यावर मोजलीत, वर रोज नव्याने मोजलीत."

"बाई, हे तुमचं कॉलेज नाही. गेल्या रविवारी ऐन पिक्चरमध्ये माझी अँटेना उपटली! हिरॉईन मरायला टेकली होती. ती मेली का वाचली, मला अजून माहीत नाही. येत्या रविवारी धाकू माकडवाला पिंजरे घेऊन येतोय. विषय संपला."

"नेऊन काय करणार तो त्यांचं?"

"विकतो म्हणे कुठल्यातरी प्रयोगशाळेला. आपल्याला काय करायचंय?"

प्रयोगशाळेत माकडांचं काय होतं ते मृणालिनीला चांगलं ठाऊक होतं. तिचं डोकं तापलं. "मी मोजून दाखवते. पन्नासच्या आत निघाली तर तुमचा धाकू रद्द."

"आणि वर निघाली तर?"

"तर पिंजऱ्याचं दार मी स्वतः धरते!"

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली. पद्धत साधी होती. थोड्या माकडांवर खूण करायची, ती टोळीत मिसळू द्यायची. मग दिसतील तितकी माकडं मोजायची. त्यात खुणेची किती, यावरून एकूण किती ते काढता येतं. पण माकड धरून खूण कोण करणार? म्हणून तिने बादलीत कपड्यांची नीळ दाट कालवली, होळीची पिचकारी काढली आणि गच्चीवर शेंगदाणे पसरले.

पहिल्या तीन पिचकाऱ्या भिंतीवर गेल्या.

"तुझो नेम नाय गो," तिची सासू द्रौपदीबाई पाण्याच्या टाकीआडून म्हणाली. "माका दी." मालवणात आयुष्यभर दगड मारून माडावरची माकडं हाकललेली बाई ती. बारा पिचकाऱ्यांत बारा माकडं निळी झाली.

संध्याकाळी दारावर थापा पडल्या. समोरच्या वनमालाबाई चादर घेऊन उभ्या होत्या. "हे काय गं मृणाल? माझ्या पांढऱ्या चादरीवर पाच बोटं!"

"नीळच आहे. पांढऱ्याला चांगली असते."

मागून तळवडेकर आले. त्यांच्या लेंग्याला मागून निळा डाग पडला होता; ते बसले तिथे ओलं माकड आधी बसून गेलं होतं. "भरून द्या!"

"देणार नाही. मोजणी चालू आहे," म्हणून तिने दार लावून घेतलं.

पण खरी वाट पुढेच लागली. निळं माकड दिसल्याची बातमी गल्लीत पसरली. 'निळा मारुती' बघायला आजूबाजूच्या बिल्डिंगींतून माणसं येऊ लागली, ती केळी घेऊनच. शनिवारी गेटपाशी केळ्यांचा ढीग झाला आणि तो वास डोंगरावरच्या दुसऱ्या टोळीपर्यंत पोचला. तीही सहकुटुंब खाली उतरली.

रविवारी सकाळी मृणालिनीने मोजलं. चाळीस माकडं दिसली. त्यात निळी फक्त आठ. पाचातलं एक निळं, आणि निळी एकूण बारा. म्हणजे सगळी मिळून साठ.

तिने पुन्हा गुणाकार केला. साठच.

"आणखी चार निळी दिसली म्हणान लिही, चाळीसच भरतली," द्रौपदीबाई हळूच म्हणाली. "कोणाक कळतला?"

"मला कळेल ना, आई."

ती तडक गेटवर गेली. सगळे जमले होते, धाकूचा टेंपोही येऊन उभा होता. "साठ," ती मोठ्याने म्हणाली. "पाचशे नाही, साठ. आणि निम्मी तुमच्या केळ्यांनी आणलीत!"

"पण पन्नासच्या वर!" तळवडेकरांनी टाळी वाजवली. "धरा दार."

शब्द दिला होता. तिने पिंजऱ्याचं दार धरलं, पण मान ताठ ठेवून. तेवढ्यात कंपाउंडच्या भिंतीवर एक निळं माकड येऊन बसलं. धाकू जागच्या जागी थिजला.

"ह्ये कुनी केलं?"

"मी. का?"

"किती?"

"बारा."

धाकूने टेंपोतून उतरवलेला दुसरा पिंजरा परत वर चढवला. "चेअरमनसाहेब, ही दुसऱ्या पार्टीनं खूण केल्याली टोळी. दुसऱ्याच्या मालाला आपन हात लावत नाय. आमच्या धंद्यात त्यावरनं डोकी फुटत्यात." मग तो मृणालिनीकडे वळून आदराने म्हणाला, "बाई, तुमी पन याच लायनीत, तं आधी सांगायचं ना!"

मृणालिनीने दार सोडलं. "चुकलंच," ती म्हणाली.

टेंपो गेला. तळवडेकर लालबुंद झाले. "सगळ्यांनी ऐकलंत! माकडं हिची आहेत. यापुढे फुटलेला डबा, मोडलेली अँटेना, सगळं नाबरांनी भरायचं!"

"कबूल," मृणालिनी म्हणाली. "निळी बारा माझी. उरली अठ्ठेचाळीस, ती सोसायटीची. बिऱ्हाडं सोळा. प्रत्येकाच्या वाट्याला तीन-तीन. तुमची तीन कुठली, तळवडेकर, बघून ठेवा. आणि ती माझ्या गॅलरीत आली, तर भरून मी तुमच्याकडनं घेणार!"

वनमालाबाई भिंतीकडे बघत मनातल्या मनात आपली तीन निवडू लागल्या.

द्रौपदीबाईने मात्र सुनेच्या दंडाला धरलं आणि काळजीने विचारलं, "म्हणजे आपली पंधरा झाली गो? उद्यापासून भात वायंच जास्त शिजवूक होयो."