शिवणीतली अंबाडी

शामराव ढोकणे आपल्या अंगणात प्लास्टिकचं हिरवं लॉन टाकत आहेत, ही बातमी सकाळच्या चहापर्यंत अर्ध्या बाभुळगावात पोचली होती. पोचवण्याचं काम शामरावांनी स्वतःच केलं होतं.

कारण विमलताई. शामरावांची ही थोरली बहीण नागपूरला राहायची आणि दर वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाला माहेरी यायची. गेल्या वर्षी फाटकातून आत येताना तिची एक चप्पल अंगणातल्या काळ्या चिखलात रुतली. ती उपसायला वाकली तर दुसरी रुतली. शेवटी दोघांनी दोन्हीकडून धरून तिला ओसरीवर आणलं, तेव्हा ती सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाली होती, "शाम, हे तुहं अंगण हाय का वावर?" पाहुणे हसले. शामराव ते हसू वर्षभर विसरले नाहीत. यंदा विमलताई कोरड्या पायांनी ओसरीपर्यंत चालत येणार आणि त्याच पाहुण्यांसमोर अंगणाला चांगलं म्हणणार, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

लॉन बसवायला यवतमाळहून इम्तियाज आला. त्यानं पहारीनं माती उकरून पाहिली आणि मान हलवली. "काका, हे काळी माती हातभर काढा लागते. मंग मुरूम, त्याच्यावर गिट्टी, अन् उतार नालीकडे. हिच्यात पाणी जिरत नाही."

शामरावांना हा सरळ घराण्याचा अपमान वाटला. त्यांच्या वडिलांनी ही माती वावरातून बैलगाडीनं आणून अंगणात भरली होती. "अरे, लोक मुरमाच्या वावरात काळी आणून टाकतात," ते म्हणाले, "अन् मी काळी काढून मुरूम टाकू? गावात तोंड कसं दाखवू?"

इम्तियाजनं आणखी दोनदा समजावलं. मग त्यानं मातीवरच लॉनचे चार पट्टे अंथरले, त्यांचे तीन जोड चिकटवले, कडेनं खिळे ठोकले आणि पुढे काही झालं तर मला नावं ठेवू नका, एवढं बजावून तो गेला.

आठवडाभर शामराव फाटकाशी खुर्ची टाकून बसले. येईल त्याला चपला बाहेर काढायला लावायचे आणि हात फिरवून बघायला सांगायचे. पहिली अडचण आली ती घरातूनच. त्यांच्या पत्नीनं, कौसल्याबाईंनी, नेहमीसारखा सकाळी उठून त्या हिरव्यागार लॉनवर शेणाचा सडा टाकला. शामराव अर्धी दाढी सोडून धावत आले. पण सडा न टाकता दिवस सुरू झाला असं मानायला कौसल्याबाई तयार नव्हत्या. बऱ्याच वादानंतर शेण वगळून नुसत्या पाण्यावर तडजोड झाली. रोज दोन बादल्या.

हे पाणी लॉनखाली जाऊन काळीवर मुक्कामाला बसलं. आषाढातल्या झडीनं त्यात भर घातली. काळी फुगली आणि तिच्याबरोबर लॉनही. एका कोपऱ्यावर पाय ठेवला की समोरचा कोपरा उठायचा. गल्लीतलं कुत्रं एकदा सवयीनं आत आलं, मधोमध डुललं आणि पुन्हा त्या फाटकाकडे फिरकलं नाही. कौसल्याबाईंनी इम्तियाजला फोन करायला सुचवलं, पण फोन केला असता तर मुरमाचा विषय निघाला असता. शामरावांनी पोती शिवायचं दाभण काढलं आणि पाणी उतरावं म्हणून लॉनला जागोजागी भोकं पाडली. पाणी उतरायचं सोडून भोकांतून वर यायला लागलं. फुगलेल्या मातीनं तिन्ही जोडही उसवले.

श्रावण लागला आणि त्या उसवलेल्या जोडांतून काहीतरी डोकं वर काढू लागलं. शामराव चष्मा लावून उकिडवे बसले. अंबाडी होती. दर हिवाळ्यात ते याच अंगणात अंबाडी झोडपायचे, त्यातलं सांडलेलं बी खाली राहिलं होतं. तीन जोडांतून तीन ओळी, तिफणीनं पेरल्यासारख्या सरळ. कौसल्याबाई उपटायला वाकल्या.

"राहू दे," शामराव म्हणाले.

"ताई हसन ना."

"प्लास्टिक फोडून निघाली ते. उपटू कशी?"

त्या दिवसापासून त्यांनी त्या ओळींना कुणाला हात लावू दिला नाही. महालक्ष्म्यांच्या जेवणापर्यंत अंबाडी गुडघ्याला लागली, तेव्हा त्यांनी ती झाकायला पाहुण्यांच्या खुर्च्या बरोबर तिन्ही ओळींवर मांडल्या.

विमलताई आली. भावाच्या आग्रहानं चपला काढून तिनं लॉनवर पाय ठेवला. दुसऱ्या पावलाला चार भोकांतून चार कारंजी उडाली आणि तिचं जरीचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. "गेल्या वर्षी पाय तरी खालूनच भिजले होते," ती म्हणाली. पाहुणे पुन्हा हसले. शामराव खांबाला टेकून खाली बघत राहिले. वर्षभराची हौस पाण्यात गेली होती.

त्यात आत दुसरा पेच. नैवेद्याच्या सोळा भाज्यांपैकी पंधराच भरल्या. दोन दिवसांच्या पावसानं बाजारात अंबाडी आलीच नव्हती. विमलताईनं भाज्या मोजल्या आणि नैवेद्य दाखवायला पुढे केलेला हात मागे घेतला. आईनं कधी पंधरांवर भागवलं नाही, मग आपण कसं भागवायचं, असं तिचं म्हणणं.

शामराव उठले. बाहेर गेले, खुर्च्या सरकवल्या आणि ओंजळभर कोवळी पानं घेऊन आले.

विमलताईनं एक पान वास घेऊन पाहिलं. "कुठची हे?"

"अंगणातली."

ती बाहेर आली. पुन्हा भिजायची पर्वा न करता थेट लॉनच्या मधोमध गेली आणि ओळीशी बसली. प्लास्टिकचा जोड बोटानं उचलून तिनं खालची माती चिमटीत घेतली. मग सगळ्या पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाबानं आणलेली माती हाय. कायच्याही खाली दाबा, पिकल्याबिगर राहात नाही."

शामरावांना हेच ऐकायचं होतं, फक्त लॉनबद्दल. पण मातीबद्दल ऐकून त्यांची छाती जास्त फुगली. दुसऱ्या दिवशी विमलताई नागपूरच्या गाडीत बसली तेव्हा तिच्या मांडीवर गॅलरीतल्या कुंड्यांसाठी काळीनं भरलेली थैली होती.

गाडी सुटल्यावर शामरावांनी इम्तियाजला फोन लावला. बातमी त्याच्यापर्यंत पोचलीच होती. लॉन काढून मुरूम कधी टाकू, एवढंच त्यानं अदबीनं विचारलं.

"काढाचं नाही," शामराव म्हणाले. "फक्त पट्टे अरुंद कर. दीड-दीड फुटावर जोड आला पाह्यजे. पुढच्या साली तूर बी घ्याची हाय."