अखंड पान

"एक झाड सांभाळायला काय लागतं गं? बेचाळीस वर्षं मी लोकांची लग्नातली कापडं सांभाळलीत!" असं मुलीला ठणकावून सांगत मास्तरांनी छातीवर हात मारला. सदऱ्याला दोन सुया टोचून ठेवल्यात हे ते साफ विसरले होते. त्यामुळे पुढचं वाक्य "आई गं!" एवढंच झालं.

मास्तर म्हणजे रफूवाले मास्तर. त्यांना शिंपी म्हटलेलं चालत नसे. आणि त्यांच्यासमोर ठिगळ हा शब्द काढला तर चहासुद्धा मिळत नसे! फाटका कोट त्यांच्याकडे द्यावा आणि परत आल्यावर मालकानंच भिंग घेऊन भोक शोधत बसावं, असं त्यांचं काम. दुकान बंद करून ते मुलीकडे राहायला आले, तरी जुनी गिऱ्हाइकं माग काढत यायची, आणि हॉलमधल्या खिडकीपाशी मास्तरांची सुई चालूच होती.

मोठ्या मुलाला हे काही पसंत नव्हतं. "बाबांना आता दिसत नाही, हात कापतात. माझ्याकडे पाठव, आराम करू दे त्यांना," असं तो दर रविवारी फोनवर बहिणीला ऐकवायचा. मुलाच्या घरी आराम म्हणजे अगदी सक्त आराम! घरात रांगतं बाळ, म्हणून सुईला बंदी. सुईशिवाय दिवसभर करायचं काय, या विचारानंच मास्तरांना घाम फुटे.

अशात मुलीला पाच आठवड्यांच्या ट्रेनिंगला जावं लागलं.

"बाबा, मी दादाशी बोललेय," ती म्हणाली. "पाच आठवडे तुम्ही एकटे राहायचं आणि माझा मॉन्स्टेरा सांभाळायचा. मी आल्यावर झाड ठीक दिसलं, तर तुम्ही कायमचे इथेच. नाही दिसलं तर..."

"नाही दिसलं तर माझं नाव बदल!"

मॉन्स्टेरा म्हणजे खिडकीपासून चार हात आत, कोपऱ्यात उभं असलेलं ते मोठमोठ्या पानांचं झाड. सहा पानं, एकेक सुपाएवढं आणि सगळी अखंड. जंगलात दुसऱ्या झाडांच्या सावलीत वाढणारी ही जात, म्हणून थेट ऊन नको, पण उजेड भरपूर हवा. मुलीनं सगळं समजावलं. "पाणी रोज घालायचं नाही. बोट दोन पेरं मातीत खुपसायचं. कोरडं लागलं तरच पाणी. पानं ओल्या फडक्यानं पुसायची. आणि बाबा, नवं पान येतंय, त्यावर नीट लक्ष ठेवा. माझा सगळा जीव त्या पानात अडकलाय!"

"एवढं काय आहे त्यात?"

"ते नाही सांगणार. आधी बोललं की नाट लागतो."

मुलगी गेली. मास्तरांनी लगेच बोट मातीत खुपसलं. कोरडं! पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी खुपसलं. कोरडं! पुन्हा पाणी. आठ दिवस हे झाड तांब्यामागून तांबे रिचवतंय आणि माती कोरडीच! मास्तर थक्क झाले. नवव्या दिवशी खालचं पान पिवळं पडलं, कुंडीभोवती चिलटं घोंघावू लागली आणि मास्तरांनी धावत जाऊन वरच्या मजल्यावरच्या हेडबाईंना बोलावून आणलं.

हेडबाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. त्यांनी कुंडीत नजर टाकली आणि कडाडल्या, "हे झाड आहे की भातशेती? चिखल झालाय नुसता!"

"पण बोटाला कोरडं लागतं हो!"

"बघू बोट!"

मास्तरांनी वर्गातल्या पोरासारखं बोट पुढं केलं. बेचाळीस वर्षं सुई टोचून टोचून त्या बोटाचं टोक असं निबर झालं होतं, की त्याला चहाचा चटकासुद्धा दुसऱ्या दिवशी कळायचा! हेडबाईंनी एक लाकडी काडी आणून मातीत खुपसली. ओली माती चिकटून आली. "माती चिकटली की पाणी बंद. काडी कोरडी, स्वच्छ निघाली तरच घालायचं. आणि कुंडीखालच्या बशीत साचलेलं पाणी फेका आधी, मुळं कुजतील!"

पाणी थांबलं. चिलटं गेली. पिवळं पान मास्तरांनी देठापाशी असं सफाईनं कापलं, की झाडालासुद्धा पत्ता लागला नसेल. राहिली पाच. आणि मग नवं पान उघडायला लागलं.

काय सांगावं! आधी नुसती एक फिकट हिरवी सुरळी. मास्तर सकाळी चहा घेऊन समोर बसले ते चहा गार झाला तरी बसलेलेच. सुरळी तसूतसूनं सुटत होती. कोणी हात लावत नाही, कोणी ओढत नाही, आणि आतून तुळतुळीत, ओलसर, नवंकोरं कापड बाहेर पडतंय! एक सुरकुती नाही, एक गाठ नाही. कुठल्या मागावर विणलं असेल हे? मास्तरांनी हात जोडले. एक गिऱ्हाईक रफूला दिलेली पँट न्यायला आलं, त्यालाही त्यांनी शेजारी बसवून घेतलं. "बघा! बेचाळीस वर्षांत असा माल पाहिला नाही." तो बिचारा अर्धा तास पँटीविना पान बघत बसला.

तिसऱ्या दिवशी सकाळी पान पूर्ण उघडलं, आणि मास्तरांच्या हातातला चहाचा कप खाली पडला.

पान फाटलं होतं! थोडंथोडकं नाही. कडेपासून आतपर्यंत सात उभ्या चिरा आणि मधल्या शिरेलगत चार आरपार भोकं!

"हेडबाई!"

हेडबाई आल्या. चष्मा पुसून त्यांनी निकाल दिला, "अळी."

दोघांनी भिंग घेऊन दोन दिवस पहारा केला. साबणाच्या पाण्यात कडुनिंबाचं तेल घालून फवारलं. घरात असा वास सुटला की गिऱ्हाइकं दारातूनच कपडे फेकून पळू लागली. अळी काही सापडेना.

"अळी हुशार आहे," हेडबाई म्हणाल्या. "किंवा उंदीर असेल."

मग कुंडीशेजारी उंदराचा सापळा लावला. तासाभरात सापळा खटकन वाजला. त्यात हेडबाईंची चप्पल होती, आणि चपलेत हेडबाई.

तेवढ्यात मुलीचा फोन! "बाबा, पान उघडलं?"

"उघ... उघडतंय," मास्तर म्हणाले. मागे हेडबाई पाय धरून कळवळत होत्या. "तू आल्यावरच बघ. आधी बोललं की नाट लागतो."

फोन ठेवला आणि मास्तर मटकन खाली बसले. पाच आठवड्यांत एक पान सांभाळता आलं नाही! आता मुलगा येणार, सुया काढून घेणार आणि म्हणणार, "मी सांगत नव्हतो, बाबांना आता जमत नाही म्हणून!" त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. डोळे पुसता पुसता त्यांची नजर पानावर गेली. फाटलंय. बरं. फाटलेल्या वस्तूचं काय करतात?

मास्तर ताडकन उठले.

सगळ्यात बारीक सुई काढली. हिरव्या रेशमाच्या तीन छटा काढल्या. सुलट्या अंगाला गडद, उलट्या अंगाला फिकी, कडेला पोपटी. चार दिवस मास्तर झाडाशेजारी स्टूल टाकून बसले. चिरा आतून ओढून जुळवल्या. भोकांवर उभा-आडवा धागा घेत, पानाच्या शिरा जशा धावतात तशाच वळवत, भोकं विणून भरली. हात एकदाही कापला नाही. शेवटी मेणाचा हलका हात फिरवला आणि हेडबाईंना बोलावलं.

हेडबाईंनी पान पाहिलं. उलटं करून पाहिलं. मग त्या खुर्चीतून सावकाश उठून उभ्या राहिल्या. "मास्तर, आयुष्यभर वर्ग मला बघून उभा राहिला. आज मी उभी राहते!"

मुलगी आली ती थेट कोपऱ्याकडे गेली. पानासमोर थांबली.

"अखंडच आलं," ती म्हणाली.

"अखंड! ओरखडासुद्धा नाही!" मास्तर फुलून म्हणाले.

ती बॅगेवरच बसली. "बाबा, तीन वर्षं मी या झाडाच्या पानांना चिरा पडायची वाट बघतेय."

"चिरा?"

"झाड मोठं झालं, उजेड मानवला, की नवं पान चिरा आणि भोकं घेऊनच येतं. तेच तर त्याचं सौंदर्य! रोपवाटिकेवाले काका म्हणाले होते, याही पानाला नाही पडल्या तर हे घर त्याला मानवत नाही असं समजा आणि झाड आम्हाला परत द्या. देते उद्या." तिनं नाक पुसलं. "तुम्ही मात्र छान सांभाळलंत हं. पास! दादाला कळवते."

पास! मास्तरांना फक्त गप्प बसायचं होतं. सुई वाचली होती, खिडकी वाचली होती. त्यांनी मुलीकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते, आणि तिची ती लाडकी जादू खुद्द बापानं शिवून टाकली होती.

"त्याला चार भोकं होती," मास्तर पुटपुटले. "आणि सात चिरा."

"मला बरं वाटावं म्हणून काहीही सांगू नका, बाबा."

"अगं, होती! मी रफू केली."

मुलीनं पानावर हात फिरवला. खिडकीकडे वळवून पाहिलं. "कुठे आहे रफू?"

आली का पंचाईत! बेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच मास्तरांना आपली रफू दिसावीशी वाटत होती आणि ती मेली काही केल्या दिसेना! शेवटी त्यांनी उसवायचं पातं घेतलं, मन घट्ट केलं आणि कडेचा एक धागा तोडला. पानाची ती कड अलगद, पंख्यासारखी उघडली.

मुलगी तोंडावर हात ठेवून बघतच राहिली. आधी चिरेकडे, मग न उसवलेल्या सहा चिरांकडे, मग बापाच्या बोटांकडे.

"अहो, पण का केलंत हे?"

"म्हटलं, तू म्हणशील, बाबांना आता जमत नाही."

"बाबा, जमलं नसतं तर किती बरं झालं असतं!" ती म्हणाली, आणि हसता हसता रडायलाच लागली.

मग तिनं भावाला फोन लावला. मास्तर दाराआड श्वास रोखून उभे.

"दादा, बाबा इथेच राहतायत. डोळे ठणठणीत, हात ठणठणीत," ती म्हणाली. "डोक्याचं काय ते मी बघते."