उसन्या खुर्च्यांची मोहीम

ठिकठिकाणी रांगेत तिष्ठत उभ्या असलेल्या तमाम रयतेस आधी दंडवत, आणि मग ही हकीकत जे, जुन्या बाजारामागील सरकारी दवाखान्यात बाके कैसी आली आणि त्यापायी कोणाकोणाच्या बुडाखालचे आसन गेले. पुढील पिढ्या आरामात बसोन हे वाचतील आणि म्हणतील, बसण्यात ते काय एवढे! त्यांची खोड मोडावी म्हणोन हा खटाटोप.

दवाखान्याच्या गादीवर डॉक्टरसाहेब होते, परंतु अंमल थोरल्या सिस्टरबाईंचा. बाई शिस्तीच्या कडक, सुई हलकी, जीभ बोचरी. बाहेरील दालनात रयतेस बसावयास एकच बाक, त्याचा डावा पाय मोडलेला, त्याखाली दोन विटा लावोन ते कैसेतरी तोलून धरिले होते. बाकी रयत भिंतीस टेकोन उभी. बाकांसाठी दरसाल राज्याच्या खजिन्याकडे अर्ज जाई, आणि दरसाल उलट फर्मान येई की, दवाखान्याची आसनव्यवस्था समाधानकारक, सबब अंदाजपत्रकात तरतूद नाही.

ऐसे का होई? तर अंदाजपत्रक मांडण्याआधी खजिन्याचे विश्लेषकसाहेब जातीने पाहणीस येत. मोठे अभ्यासू, हाती तक्ता, कानावर तांबडी पेन्सिल. आणि साहेब येणार म्हटले की शिपाईमामा बाजारात मोहिमेस निघे, आणि न्हाव्याची फिरती खुर्ची, शिंप्याची स्टुले, विमा एजंटाचा सोफा ऐसा सरंजाम उसना आणून दालन सजवी, की दवाखान्याची अब्रू राहावी. मग साहेब फिरत्या खुर्चीत विराजमान होत, चहा घेत, सभोवार नजर टाकीत आणि समाधानकारक ऐसा शेरा मारीत. संध्याकाळी खुर्च्या घरोघर परत जात. पिढीजात रिवाज! आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा, आणि वर कौतुक की धोंडा किती छान पडला.

यंदा मात्र विपरीत घडले. सिस्टरबाईंचे तीर्थरूप, निवृत्त पोस्टमन, रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी रांगेत उभे होते. लेकीचा दवाखाना म्हणोन रांग मोडणे त्यांस मंजूर नव्हते. जन्मभर दारोदार चाललेले गुडघे त्या दिवशी फितूर झाले, आणि म्हातारा भिंतीवरोन घसरत घसरत जमिनीवर बसला, आणि वर हसला, जणू मुद्दामच बसला. बाईंनी ते इंजेक्शनच्या खोलीतून पाहिले. मग त्या वळल्या आणि त्यांणी हुकूम सोडिला की, यंदा पाहणीस एकही उसनी खुर्ची या उंबऱ्याच्या आत येणार नाही. साहेबांस दवाखाना आहे तैसा दिसेल.

डॉक्टरसाहेबांनी कुरकुर केली की, इतकी वर्षे समाधानकारक म्हणोन मीच सही ठोकली, आता माझे तोंड कोठे लपवू? बाईंनी त्यांस मास्क दिला.

पाहणीचा दिवस उजाडला. बाई येऊन पाहतात तो दालनाचा दरबार झालेला! फिरती खुर्ची मधोमध, सोफा शेजारी, स्टुले ओळीने, आणि मामा घाम पुसत उभा. बाई कडाडल्या, तैसा मामा म्हणाला, "ताई, तुम्ही रागात बोललात हे काय मला कळत नाही होय? तुमची मान खाली जाऊ देईन का मी?" आता या इमानास काय करावे! बाईंनी कपाळावर हात मारिला, इतकियात बाहेर जीप थांबली, आणि साहेब आत येऊन थेट फिरत्या खुर्चीत स्थानापन्न झाले, आणि तांबडी पेन्सिल कानावरोन निघाली.

खरे सांगावे तर डॉक्टर जातात. न सांगावे तर बाके जातात, आणि बाबा पुन्हा जमिनीवर. समोर मोडक्या बाकावर बाबा आजही हजर होते. मग बाईंनी मसलत केली ती स्वतःशीच. मामाचा कान धरोन त्यांणी त्यांत हुकूम ओतला की, धावत बाजारात जा आणि सांग, यंदा नवा नियम आला, पाहणीत दिसेल ती खुर्ची सरकारजमा, तिच्या पाठीवर आत्ताच नंबर रंगवणार. हे धादांत खोटे होते. बखरकार ते लपवीत नाही, उलट मुजरा करितो.

मग काय पुसता! बाजार उलटला. शिंपी गळ्यात टेप घेऊन धावला, एजंट सोफ्याचे एक टोक धरोन मामास दुसरे उचल म्हणोन ओरडला, आणि न्हावी तो हाती वस्तरा घेऊनच शिरला.

"उठा, साहेब, उठा! गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर ताटकळलंय माझं!"

वस्तऱ्यापुढे खजिन्याचे काय चालते! साहेब उठले, खुर्ची गेली, सरंजाम गेला, दालन उघडे पडले. डॉक्टर मास्कमागे लुप्त झाले. साहेबांनी थोडा वेळ उभ्याने तक्ता भरिला, मग या पायावरून त्या पायावर आले, मग मोडक्या बाकाकडे वळले. बाबांनी सरकून जागा दिली.

"बसा, पण बेतानं. आम्ही दोघं मिळून तोल धरायचा."

ऐसा उभयतांचा तह होऊन ते बसले. इतकियात बाबांचे नाव पुकारले गेले, बाबा सवयीने उठले, आणि विटा निसटोन बाकासह राज्याचे अंदाजपत्रक जमिनीवर आले. पेन्सिल लोटांगण घालीत दारापर्यंत गेली.

साहेबांनी खालून वर पाहिले. चहूकडे उभ्या रयतेचे गुडघेच गुडघे. त्यांणी विचारले, "आजोबा, मघाच्या खुर्च्या कुठं गेल्या?"

"त्या तुमच्या होत्या, साहेब," बाबा म्हणाले. "तुम्ही येता तेव्हाच येतात."

साहेब उठले नाहीत. बाईंनी पेन्सिल आणून हाती दिली, आणि त्यांणी तेथेच जमिनीवर मांडी घालोन समाधानकारक हा शब्द खोडिला आणि लिहिले, आसनव्यवस्था नाही.

पुढे अंदाजपत्रक मंजूर झाले आणि नवी कोरी बाके टेंपोतून उतरली. पहिला मान बाबांचा. बाबा बसले, हाताने बाक चाचपले, आणि म्हणाले, "अगं, हे हलत नाही." बाई औषधांच्या कपाटामागे जाऊन मनसोक्त रडल्या.

आठवडा सरतो न सरतो तोच शेजारील सरकारी शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई आल्या आणि अदबीने बोलल्या की, उद्या आमच्याकडे तेच साहेब पाहणीस येणार, एका दिवसासाठी आपली बाके मिळावीत, शाळेची अब्रू राहील. सिस्टरबाईंनी त्यांस सन्मानाने बसविले, चहा पाजला, आणि मामाकरवी त्यांच्या पिशवीत मोडक्या बाकाखालील त्या दोन विटा घालोन दिल्या.

येणेप्रमाणे दवाखान्याची फत्ते झाली आणि शाळेची मोहीम सुरू झाली, हे खरे म्हणोन खाली दवाखान्याचा शिक्का केला असे. तो अर्धाच उमटला. शाईची तरतूद यंदा समाधानकारक आहे.